गाडी सुटताना खट्ट

बिघाड दिसला की लगेच पाना उचलायचा नाही, ही आमच्या घरातली शिस्त होती. आवाज कधी येतो, कधी येत नाही, काय बदललं की थांबतो, हे आधी ठरवायचं. शिस्त माझ्या नवऱ्याची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गिअर कापायचं वर्कशॉप होतं. ऑर्डरी, चलनं आणि माल कधी कुठं पोचला पाहिजे हे मी सांभाळायचे. याद्या करायची सवय मला तिथेच लागली.

लोडशेडिंगची ती वर्षं. साखरेनं त्यांचा डावा पाय गेला. अंगठ्याला लागलेल्या साध्या ठेचेचं गँगरीन झालं आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. कृत्रिम पाय बसला, चालणंही जमलं, पण स्कूटर सुटली आणि क्लचची गाडीही सुटली. वर्कशॉपला जायचं तर लेथवर काम करणाऱ्या आमच्या टर्नरच्या मोटरसायकलवर मागं बसून. ते चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी घरी बसले. म्हणाले, "पोत्यासारखं घालून नेतंय मला. त्यापेक्षा बंद करतो वर्कशॉप."

तो माणूस बोलल्याप्रमाणे करणारा होता. मशीन विकायची भाषा सुरू झाली तेव्हा मी चौकशीला लागले. विजेवर चालणारी एक छोटी गाडी निघाली होती. दोन दरवाजे, मोटर मागच्या बाजूला, क्लच नाही, गिअर नाही. पुढं किंवा मागं जायला एक बटण फिरवायचं आणि एका उजव्या पायानं चालवायची. आम्ही ती घेतली. कोल्हापुरात तेव्हा अशी गाडी कुणी फारशी पाहिलेली नव्हती. सिग्नलला रिक्षावाले वाकून बघायचे. एकानं विचारलं होतं, "पावणं, ह्याला चावी कुठनं द्यायची?" हे म्हणाले, "तुझ्या बाच्या घरात प्लग हाय का बघ, तिथनं." त्या दिवशी ते खूप दिवसांनी हसत घरी आले.

लाइट कधी जाणार हे बघून मी चार्जिंगच्या वेळा लावून दिल्या. वर्कशॉप पुन्हा सुरळीत चालू झालं. पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांशी बोलायला ते स्वतः जाऊ लागले. बाहेरून बघणाऱ्याला तो एक गाडी चालवणारा माणूस होता. एवढंच त्यांना पाहिजे होतं.

दुसऱ्या वर्षी आवाज सुरू झाला. गाडी सुटताना मागून खट्ट. पाय उचलला की पुन्हा खट्ट. इंजिनाच्या गाडीत असले आवाज इंजिनाखाली बुडून जातात, पण या गाडीत काहीच बुडत नव्हतं. टायरखाली खडा आला तरी कळायचा. त्यामुळे हा आवाज त्यांच्या डोक्यातच बसला. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "दात आणि दात यांच्यात फट पडलीया. दुसरं काय न्हाय."

त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं. विजेच्या गाडीत पॅडल दाबलं की मोटर चाकाला पुढं ढकलते आणि पाय उचलला की तीच मोटर चाकाला मागं ओढते. गिअरचे दात एकदा या बाजूला टेकतात, एकदा त्या बाजूला. मध्ये फट असेल तर आपटणारच. गिअर कापणाऱ्या माणसाला याहून सरळ गोष्ट कुठली.

आम्ही पद्धतशीर सुरुवात केली. आधी मागची सीट, जॅक, स्टेपनी, सगळं काढून गाडी रिकामी फिरवली. आवाज राहिला. चार्ज पूर्ण असताना, संपत आलेला असताना, कळंब्याच्या चढाला, सपाटीला, रिव्हर्समध्ये. आवाज सगळीकडे. मग वर्कशॉपमध्ये मागची बाजू उचलून चाक हातानं मागंपुढं हलवलं आणि डायल लावून फट मोजली. फट होती, पण नव्या गाडीला असते तेवढीच. एक्सलच्या जोडात काही नव्हतं, चाकाचे नट घट्ट होते. मोटर ज्या रबरावर बसलेली असते ते रबर मात्र फाटलेलं निघालं.

"सापडलं," मी म्हणाले.

"रबर फाटतंय कशानं ते सापडलं का?" ते म्हणाले.

कंपनीचा मेकॅनिक पुण्याहून आला आणि नवं रबर घालून गेला. महिनाभर शांतता. मग पुन्हा खट्ट. पुन्हा रबर फाटलेलं. यावेळी यांनी रबराला शिव्या दिल्या आणि त्याच्या जागी लेथवर नायलॉनचा कडक बुश करून बसवला. गिअरवाल्यांच्या हाताला सुटेपणा सहन होत नाही. जिथं थोडं दबायला पाहिजे तिथंही त्यांना घट्ट पाहिजे असतं. बुश बसवल्यावर आवाज गाडीच्या सगळ्या पत्र्यातून येऊ लागला. टर्नर म्हणाला, "मालक, आता गल्लीतनंच कळतंय तुमी आलाय ते. हॉर्न काढून टाका." यांनी बुश काढला आणि पुन्हा रबर घातलं.

एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती. मेकॅनिकनं गाडी फिरवली तेव्हा आवाज आला नव्हता. टर्नरनं फिरवली तेव्हाही नाही. मी फिरवली तेव्हाही नाही. त्यावर यांची उत्तरं तयार होती. मेकॅनिकला ऐकू कमी येतं. टर्नर घाबरत चालवतो. आणि मी?

"तू गाडी चालवतीस का पापड लाटतीस?" म्हणाले. "जोर लागल्याबिगर आवाज कसा येईल?"

आम्हाला ते पटलं. आवाज शोधण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं. मशीनला स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला धरायचे आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. त्यांच्यावर शंका घ्यायची हे कुणाच्या मनातही येत नव्हतं.

माझ्या यादीत शेवटचं राहिलं होतं ते पॅडल. त्याच्या जोडात काही ढिलं असेल तर मोटरला मिळणारी वीज झटक्यानं कमीजास्त होऊ शकते, असं मेकॅनिक फोनवर म्हणाला होता. रविवारी दुपारी आम्ही घरामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. हे चालवत होते. मी शेजारच्या सीटवरून खाली वाकले आणि टॉर्च त्यांच्या पायाकडे धरली.

"सोडा गाडी," मी म्हणाले.

गाडी सुटली. खट्ट.

पॅडलचा जोड ठीक होता. मला दिसला तो पाय. चप्पल निघून ब्रेकच्या बाजूला आडवी पडली होती. टाच जमिनीला टेकलेली नव्हती. अख्खा पाय गुडघ्यापासून वर उचलून पॅडलवर पडत होता, पार तळापर्यंत दाबत होता आणि पुन्हा पूर्ण वर येत होता. थोडं दाबणं, थोडं सोडणं, असं काही त्यात नव्हतंच. उखळात मुसळ पडावं तसं चाललं होतं. पडला की खट्ट, उठला की खट्ट.

मी तशीच वाकून विचारलं, "अहो, चप्पल कुठं हाय तुमची?"

"पायात. आणि कुठं असंल?"

समोर बघूनच बोलले ते. आवाजात थट्टाही नव्हती, चीडही नव्हती. त्यांना खरंच ती पायात वाटत होती.

"थांबवा गाडी."

त्यांनी थांबवली. ब्रेकही त्याच पायानं लागला आणि मी डॅशबोर्डवर आपटले. तेव्हा माझ्या मनात सरळ आलं की रोज शाळा सुटायच्या वेळेला हे याच पायानं परत येतात.

त्यांनी खाली बघितलं. मग वाकून चप्पल उचलली आणि मांडीवर ठेवली. तळव्याला बोटांच्या खाली एक जखम होती, कडेनं पांढरी पडलेली. ती कधी झाली ते त्यांना सांगता आलं नाही.

"पेन हाय का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे पेन नसणं शक्यच नव्हतं. त्यांनी पाय माझ्या बाजूला केला आणि डोळे मिटले. "लाव. मी सांगतो कुठं लागतंय." बिघाड शोधायची त्यांची पद्धतच ती. एका वेळी एक जागा घ्यायची आणि खात्री झाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

मी पेनचं टोपण काढत होते.

"अंगठा," ते म्हणाले. "लागतंय की. अंगठ्याला लावलंस."

मी अजून हात पुढं केला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले आणि पेन कुठं आहे ते बघितलं. नंतर मी खरोखर लावत गेले. अंगठा, करंगळी, चवडा, टाच. ते उघड्या डोळ्यांनी बघत होते. घोट्याच्या वर गेल्यावर म्हणाले, "हितं." आणि चप्पल मांडीवरून खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं, साखरेनं या पायाची जाणीव गेलीय. जखमेबद्दल जास्त बोलले आणि गाडीबद्दल एकच वाक्य, की आता चालवायची नाही. हे वाद घालतील म्हणून मी मनाशी उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी वाद घातला नाही. तेच मला जड गेलं. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना फक्त म्हणाले, "रबराला उगंच शिव्या घातल्या."

पाय वाचवायचा होता, म्हणजे ड्रेसिंग, इंजेक्शनं, पायावर भार कमी. मी घरातली सगळी कामं पुन्हा मांडली. वर्कशॉपचं काय, हे मात्र त्यांनीच सांगायचं होतं. मी विचारलं नाही. पंधरवड्यानं एका सकाळी शर्टाची बटणं लावत ते बाहेर आले आणि गाडीच्या डाव्या दारापाशी उभे राहिले.

मी गाडी काढली. घरापासून उद्यमनगरपर्यंत एकदाही आवाज आला नाही. ते मान थोडी मागं वळवून बसले होते, मोटरच्या बाजूला. वर्कशॉपच्या अलीकडच्या सरळ रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "थांबव जरा."

मी थांबवली.

"आता पाय उचलून टाक एक्सलेटरवर. सगळा. आणि उचल."

"कशाला उगंच."

"टाक की."

मी पाय गुडघ्यापासून उचलला आणि टाकला. गाडी उडी मारल्यासारखी सुटली, मागून खट्ट आवाज आला. पाय उचलला, पुन्हा खट्ट. महिनोन्‌महिने आम्ही शोधत होतो तोच, अगदी तोच.

"असं करत होतो व्हय मी," ते म्हणाले.

मी "होय" म्हणाले. रस्त्याच्या कडेनं टर्नर मोटरसायकल ढकलत चालला होता. त्यानं आम्हाला बघितलं, कोण कुठल्या सीटवर बसलंय ते बघितलं, आणि हात वर करायच्या आधीच दुसरीकडं तोंड केलं. यांनी काच खाली घेतली आणि त्याला हाक मारली, "अरे, वर्कशॉपला कुलूप लावलंय का उघडं टाकून आलास?" तो घाईघाईनं जवळ आला आणि मी गाडी वर्कशॉपच्या दाराशी नेऊन त्यांच्या बाजूचं दार उघडायला खाली उतरले.