प्रतीक्षेत वसंता

मोबाइलवर वसंताचा गोल फोटो दिसतो आणि त्याखाली एक ओळ : ‘प्रवेशाच्या प्रतीक्षेत’.

आम्ही शाळेतले पाच मित्र दर रविवारी सकाळी ऑनलाइन कॅरम खेळतो. गटाचा ॲडमिन मी. अनोळखी लोक घुसायला लागले तेव्हा मी गट खासगी केला. नव्याने येणाऱ्याला सगळ्यांची संमती हवी, आणि ही अट बदलायलाही सगळ्यांचीच, असं मीच ठरवून टाकलं.

मग वसंताला अर्धांगवायू झाला. उजवा हात मंदावला. पाळीची वेळ संपली तरी त्याचा स्ट्रायकर जागचा हलत नसे.

“डाव रखडतो राव. काढ त्याला,” सुधीर म्हणाला. मी काढलं.

दुसऱ्या दिवशी वसंताचा फोन आला. “अरे, गटच दिसत नाही. माझ्याकडून काही भलतं दाबलं गेलं का रे?”

“ॲपचा घोळ असेल,” मी म्हणालो. “परत विनंती पाठव.”

आता आम्ही तिघं हो म्हणतो, सुधीर नाही म्हणतो.

लहानपणी जिन्याखाली आमचा बोर्ड असायचा. चौघं खेळायचे, पाचवा मागे उभा राहून बघायचा. त्याला कुणी बोलावलेलं नसायचं, पण कुणी हाकलतही नसे. नुसतं बघत उभं राहायला जागा असावी, हे गट खासगी करताना मला सुचलंच नाही.

दर आठवड्याला विनंती आपोआप रद्द होते आणि वसंता ती पुन्हा पाठवतो. आज खाली त्याने लिहिलंय, ‘डाव्या हाताने सराव करतोय. आता वेळेत जमतं.’