व्याह्यांचा बेसबॉल

"ढवळेसाहेब, लोक म्हणतेत आपल्या मॅचमधी पहिल्यासारखी चुरस राह्यली न्हाई. कावून?"

आमचे चेअरमन बापू हे विचारत होते तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये उभा होतो. त्यांनी 'बसा' म्हटलं नव्हतं. म्हणजे काम नाजूक असणार, हे मी ओळखलं.

"बापू, मागच्या वर्षी सगळी गर्दी टँकरभोवती होती. टँकर रिकामा झाला आणि लोक घागरी घेऊन घरी गेले. आपली अर्धी मॅच बाकी होती."

"तेच म्हनतो मी. यंदा चुरस पायजे. लोकांनी घागरी खाली ठिवून मॅच बघितली पायजे."

"प्रयत्न करतो."

"आन् यंदा आपुन हारायचं."

मी खुर्ची ओढली आणि न विचारता बसलो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लेबर वेल्फेअर ऑफिसर होतो. म्हणजे कामगार कल्याण अधिकारी. कँटीनचा चहा पातळ झाला, क्वार्टरचं छत गळालं, दोन फिटरांची भांडणं झाली, की माणसं माझ्याकडे येत. खेळाचं खातंही माझ्याकडेच होतं. आणि आमचा खेळ होता बेसबॉल.

बीडमध्ये बेसबॉल कुठून आला, असं लोक विचारतात. क्युबातून आला. बापू आणि नदीपलीकडच्या कारखान्याचे चेअरमन नाना एकदा ऊस बघायला अभ्यासदौऱ्यावर तिकडे गेले होते. उसाचं काय बघितलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. येताना मात्र हातमोजे, चेंडू आणि दांडके घेऊन आले. विमानातच त्यांची पैज लागली होती म्हणे. तेव्हापासून दसऱ्यानंतरच्या रविवारी दोन्ही कारखान्यांची मॅच ठरलेली. पंचक्रोशीत ती एवढी गाजली, की दोन्हीकडच्या पाहुण्यांत त्या आठवड्यात बोलणं बंद असायचं.

खेळ आम्ही आमच्यासारखा करून घेतला. मैदानावरच्या रेषा परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेने मारायचो. चार बेसच्या जागी चिपाडाचा भुसा भरलेली साखरेची पोती ठेवायचो. दांडके सिरसाळ्याच्या सुताराने बाभळीचे करून दिले होते. कॅचर म्हणजे दांडकेवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. त्याच्या तोंडावरची जाळी आमच्या वर्कशॉपनेच वेल्डिंग करून दिली होती. दांडकेवाल्याने चेंडू मारायचा, तीन पोत्यांवरून पळत शेवटच्या पोत्यावर यायचं. त्या शेवटच्या पोत्याला आम्ही घर म्हणायचो. घरी पोचलं की एक धाव. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. कुणीतरी जिंकेपर्यंत खेळत राहावं लागतं.

"हारायचं का बापू?" मी विचारलं.

"दसऱ्याला साखरपुडा झाला की. माझी पोरगी नानांच्या घरात जानार. पोरीच्या सासऱ्याला हारवतेत का कुनी?"

मागच्या वर्षीच्या थंड मॅचचं कारण आता मला कळलं. तेव्हा सोयरिकीची बोलणी चालू होती. दोन्ही संघ चोरपावलांनी खेळले होते.

मी ऑफिसात परत आलो तर फोन वाजत होता. पलीकडून नानांच्या कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर गायकवाड बोलत होते.

"ढवळे, गुपित आहे. आम्ही यंदा हारणार. नाना म्हणतात, मुलीकडच्यांना मान खाली घालायला लावायची नाही."

"अहो, पण आम्हीच हारणार आहोत."

"असं कसं? आम्ही आधी ठरवलंय."

मी हे बापूंना सांगितलं. वाटलं, सुटेल तिढा. बापूंचा चेहरा उतरला.

"म्हंजी आमाला जिकवून उपकार करनार व्हय? न्हाई ढवळेसाहेब. वरपक्षाचा मान मोठा. आपुनच हारनार, आन् त्यांच्यापेक्षा चांगलं हारनार."

आता दत्ताबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या मानपानात मरण त्याचं होतं.

दत्ता दिंद्रुडचा. आमच्याकडे हंगामी कामगार. कारखान्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. कायम माणूस बारा महिने कामावर, कारखाना बंद असला तरी. हंगामी माणसाला बॉयलर पेटला तरच काम. आणि त्या वर्षी बॉयलर पेटणार नव्हता. पाऊस झाला नव्हता, धरणाच्या तळाला भेगा होत्या, शेतातला ऊस जनावरांच्या चाऱ्याला गेला होता. हंगामी माणसांनी कोयते काढून धार लावायला घेतली होती. मुकादमाचा ट्रक सोमवारी सकाळी पश्चिमेकडे निघणार होता. ऊसतोडीला गेलं की नवरा-बायकोची जोडी लागते आणि पोरं बरोबर न्यावी लागतात. दत्ताची मुलगी सातवीत होती. घरात ठेवायला मागे कुणी नव्हतं.

पण आमच्या कारखान्यात एक रिवाज होता. मॅच जिंकून देणारी धाव ज्या हंगामी माणसाने काढली, त्याला बापू त्याच मैदानावर कायम करायचे. वार्षिक सभेत त्यांनी ते जाहीर केलं होतं आणि शब्द कधी मोडला नव्हता. दत्ता आमचा सगळ्यात चांगला दांडकेवाला. तो वर्षभर या रविवारची वाट बघत होता.

मी संघाला बोलावून हरायचा निरोप दिला. कायम कामगारांनी माना डोलावल्या. दत्ता मागाहून येऊन दाराशी उभा राहिला होता. मी त्याच्याकडे वळलो तर त्याने हात जोडले.

"साहेब, मला सांगू नका. सांगितलं तर ऐकावं लागंल."

मी त्याला सांगितलं नाही. बापूंना मात्र हे कुणीतरी कळवलं. त्यांनी हुकूम काढला की दत्ता राखीव म्हणून बाहेर बसेल.

रविवारी मंडप पडला. एका सोफ्यावर बापू आणि नाना शेजारी शेजारी बसले. एकमेकांना विड्याचं पान पुढे करत होते आणि कुणीच घेत नव्हतं. मैदानाच्या कडेला टँकर आला आणि गाव घागरी घेऊन त्याच्याकडे धावलं. मैदानाकडे सगळ्यांची पाठ.

पंच होते परळीहून आणलेले क्रीडाशिक्षक इनामदार सर. कडक माणूस. शिट्टी झाली आणि जे सुरू झालं ते मी नोकरीत पुन्हा कधी बघितलं नाही.

फेकणाऱ्याने चार चेंडू दांडक्याच्या आवाक्याबाहेर टाकले तर दांडकेवाल्याला पहिलं पोतं फुकट मिळतं. म्हणून दोन्हीकडचे फेकणारे चेंडू पार बाजूने फेकू लागले. समोरच्याला फुकट पोती मिळावीत, आपण हरावं. पण समोरच्यालाही हरायचं होतं. तीन वेळा दांडकं हुकलं की दांडकेवाला बाद. म्हणून दोन्हीकडचे दांडकेवाले हातभर लांबून जाणाऱ्या चेंडूवर साप मारल्यासारखे दांडकं हाणू लागले. हुकले की खूश होऊन बाहेर यायचे. आमच्या एका टर्नरच्या मांडीवर चेंडू बसला. नियमाने त्याला पहिलं पोतं मिळत होतं. पण तो मांडी चोळत म्हणाला, "लागलाच न्हाई सर." इनामदार सरांनी सुजलेली मांडी बघितली आणि त्याला ओढत पोत्यावर नेलं. तो तिथून मुद्दाम चेंडूवाल्याच्या अंगावर पळत गेला आणि चेंडू अंगाला टेकवून घेऊन आउट झाला.

नियमाचे नऊ डाव झाले. दोन्हीकडे शून्य.

"सर, बरोबरी म्हणून टाका," गायकवाड म्हणाले.

"नियमात बरोबरी नाही. खेळा."

पुन्हा डाव, पुन्हा शून्य. टँकरजवळ कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्यापरीस आमच्या म्हशी बऱ्या पळत्येत!" मंडपात बापूंनी नानांकडे बघून हात जोडले. नानांनी जास्त वाकून जोडले.

ऊन उतरू लागलं तेव्हा डावातली दुसरी बारी, म्हणजे आमची, चालू होती; आता एक धाव निघाली की मॅच आमची. दांडकेवाला मारुती फोरमन. चेंडू इतका लांबून गेला की त्याला तिरपी उडी मारून हुकावं लागलं. त्या उडीत त्याचा खांदा निखळला. तो मैदानावरच बसला.

इनामदार सरांनी सांगितलं, "बदली खेळाडू आणा. नाहीतर सामना समोरच्यांना दिला."

बापू सोफ्यावरून उठलेच. दिवसभरात पहिल्यांदा हसले. "द्या! देऊन टाका!"

नानाही उठले. "व्याही, असा खेळल्याबिगर मिळालेला विजय आमी घेनार न्हाई. तो आमचा अपमान हाय. तुमचा मानूस तर बसलाय की तिथं!"

बापू उठले तसे खाली बसले. व्याह्यांचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी राखेच्या रेषेकडे बघितलं. तोवर दत्ता दांडकं घेऊन उभाही राहिला होता.

नानांच्या फेकणाऱ्याला हरायचंच होतं. समोर खरा मारणारा आलेला बघून त्याने चेंडू हळूच मधोमध दिला. दत्ताने तो असा हाणला की चेंडू टँकरच्या डोक्यावरून कोरड्या कालव्यात गेला. लोक खाली वाकले, मग वळले. दत्ता पळत होता. पहिलं पोतं, दुसरं पोतं. नानांचे खेळाडू कमरेवर हात ठेवून बघत होते. एकजण कालव्याकडे निघाला, पण रमतगमत.

दत्ता तिसऱ्या पोत्यावर आला आणि मंडपातल्या माईकवर बापूंचा आवाज घुमला.

"दत्ता, थांब!"

तो थांबला. चेअरमनचा आवाज होता, पाय आपोआप थांबले.

"पोरा, हितंच ऱ्हा. माझ्या लेकीचं लगीन हाय."

दत्ताला माईक नव्हता. पण मैदानावर एवढी शांतता झाली होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"बापू, उद्या सकाळी माझी लेक ट्रकात बसती. शाळा सोडून. तिचं काय करू?"

टँकरजवळ एक घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरी. बाया, माणसं मैदानाकडे चालत आली आणि राखेच्या रेषेवर उभी राहिली. त्या मैदानावर एवढी गर्दी मी चांगल्या वर्षांतही बघितली नव्हती.

नानांनी माईक घेतला. "येऊ द्या त्याला, व्याही."

बापूंनी माईक परत घेतला. "न्हाई, आदी तुमी जिका."

"आमी कसं जिकनार? तुमचा मानूस हाय की दारात."

"तुमी त्याला बाद करा."

"आमी? तुमच्या मानसाला? सोयरिकीत?"

तोवर नानांचा तो खेळाडू कालव्यातून वर आला होता. चेंडू त्याच्या हातात होता आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. इनामदार सर म्हणाले, "चेंडू चालू आहे." दत्ताने मंडपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी नोकरी बापूंच्या हातात होती, माझी मुलंही शिकत होती. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. पण तो माणूस पोत्यावर उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि माझ्या पदाचं नाव कामगार कल्याण अधिकारी होतं.

"पळ रे!" मी ओरडलो.

दत्ता सुटला. आणि त्याच क्षणी नानांच्या त्या खेळाडूने चेंडू फेकला. दिवसभरातली पहिली खरी फेक. चेंडू गोळीसारखा सरळ घराकडे आला. कॅचरनेही तो झेलला आणि दत्तावर झडप घातली. भुसा, राख आणि धूळ एकदम उडाली. काही दिसेना. मंडपात दोन्ही चेअरमन मानपान विसरून सोफ्यावर चढले होते.

धूळ बसली. दत्ता पोत्याला मिठी मारून पडला होता.

"सेफ!" इनामदार सरांनी हात पसरले.

असा ओरडा झाला की टँकरचा ड्रायव्हर झोपेतून जागा झाला. मी रडलो. सांगायला लाज नाही वाटत.

त्या खेळाडूला मी नंतर विचारलं, हरायचं होतं तर फेकलास कशाला? तो म्हणाला, "साहेब, हातात बॉल व्हता आन् समोर मानूस पळत व्हता. ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

बापूंनी दत्ताला तिथेच कायम केलं. दुसरा मार्गच नव्हता, रेषेवर सगळे सभासद उभे होते. सोमवारी ट्रक त्याच्या घरच्यांशिवाय गेला. बंद कारखान्यात त्याला मी गोदामावर नेमलं. दिवसभर मग तो मैदानावरची पोती झटकून ठेवायचा. त्याची मुलगी शाळेत गेली.

माझ्याशी बापू महिनाभर बोलले नाहीत. कारण हरायला टपलेले नाना हरल्यावर रुसले. "वरपक्षाचा मान ठिवला न्हाई," म्हणून लग्नात मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले. बापूंना टोपी काढून विनवणी करावी लागली. शेवटी नाना आत आले, पण जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "फुडल्या वर्षी बघतो तुमाला." त्या वाक्यावर जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मंगलाष्टकांना पडल्या नव्हत्या. चुरस परत आली होती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, ऊस आला, बॉयलर पेटायची तारीख ठरली. मॅचच्या आधी बापूंनी मला बोलावून स्वतः खुर्ची दिली आणि म्हणाले, "यंदा नानांना सोडायचं न्हाई." मी खुशीत सरावाला गेलो. दत्ता सावलीत बसला होता. अंगाने जरा सुटला होता, पायात नवे बूट. मला बघून सावकाश उठला आणि जवळ येऊन हळूच विचारलं,

"साहेब, यंदा जिकायचंय का हारायचंय? बापू काय म्हनले?"

मी त्याला पोती मोजायला पाठवलं आणि त्याच्या जागी एक हंगामी माणूस घेतला. निवृत्त होईपर्यंत संघ निवडताना मी मग कुणाची फेक बघितली नाही की दांडकं बघितलं नाही. एवढंच विचारायचो, "कायम आहेस का?" हो म्हणाला, की त्याला टाळ्या वाजवायला बसवायचो.