खुर्ची कशाला?
नव्या रबरी मॅटचा वास आला की मला कर्वेनगरातला तो पहिल्या मजल्यावरचा हॉल आठवतो. पाठीच्या दुखण्यामुळे मी जमिनीवर बसणंच सोडलं होतं. बुद्धविहारात वंदनेला सगळे खाली आणि मी एकटी भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. शेवटी डॉक्टरांनी सुचवलं म्हणून तिथे पिलाटेसचे व्यायाम शिकायला गेले. फरशीवर सकाळचं ऊन आलं होतं, खालच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. शिकवणाऱ्या मुलीला मी विचारलं, "खुर्ची नाही का गं?" ती म्हणाली, "खुर्ची कशाला, काकू? झोपायचंय आपल्याला." भिंतीला धरून मी कशीबशी मॅटवर आडवी झाले. गुडघे दुमडून श्वास घ्यायचा आणि सोडताना बेंबी आत ओढायची, एवढंच तिने पहिल्या दिवशी करून घेतलं. ते जमलं. पण तास संपल्यावर बाकीच्या बायका उठल्या आणि मी तशीच पडून राहिले, कारण जमिनीवरून उठायचं कसं तेच मी विसरले होते. मी हात पुढे केला. तो न धरता ती सरळ माझ्या शेजारी आडवी झाली. "माझ्याबरोबर उठा. आधी कुशीवर वळा, मग हात टेका. आणि श्वास सोडा हो काकू, धरून कशाला ठेवलाय?" मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी उठून बसले. विहारात अजूनही माझ्यासाठी भिंतीशी खुर्ची मांडतात. मी तिच्यावर पर्स ठेवते आणि खाली बसते.