टॅन म्हणजे काय

तिचं माप दशांशानेही चुकत नसे, म्हणून वर्कशॉपात तिला सगळे दशांशबाई म्हणत. मामाच्या लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, ती चौदाव्या वर्षी उभी राहिली आणि अकरा वर्षांत तिच्या हातचा जॉब, म्हणजे कातलेला सुटा भाग, कधी परत आला नाही. गणित मात्र आठवीतच सुटलं होतं. आता तिला कॉलेजात फिजिक्स शिकायचं होतं, आणि त्याआधी गणिताची प्रवेशपरीक्षा होती.

आठ महिने ती रोज कामाआधी दोन तास बसली. सुरुवात अपूर्णांकांपासून. बीजगणिताने घाम काढला, तरी तिने पिच्छा सोडला नाही. मग त्रिकोणमितीचं प्रकरण उघडलं आणि तिला हसूच आलं. टॅन. हा तर घरचा माणूस. लेथमागच्या भिंतीवर तेलकट तक्ता होता : एका बाजूला कोन, दुसऱ्या बाजूला टॅन. निमुळता जॉब आला की ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा घ्यायचा, तक्त्यात त्याचा कोन बघायचा, हत्यार तेवढं तिरकं लावायचं. अख्खा तक्ता तिला तोंडपाठ होता. हे येतं आपल्याला, म्हणून तिने प्रकरणाची पहिली पानं न वाचताच उलटून टाकली.

लेखी पेपर बरा गेला. तोंडीला प्राध्यापकांनी तोच पेपर पुढ्यात घेतला.

"टॅन वीस. चार दशांश स्थळांपर्यंत लिहिलंय. कुठून आणलंत?"

"पाठ आहे, सर."

"टॅन सात?"

"शून्य दशांश एक दोन दोन आठ."

"सतरा?"

तेही तिने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता टॅन म्हणजे काय, ते सांगा."

"कोन लावायचा आकडा."

"तो येतो कुठून?"

"तक्त्यातून."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"फिजिक्स पाठ करून होत नाही, बाई. पुढच्या वर्षी या."

ती तडक वर्कशॉपात आली. मामा जॉब मोजत होता.

"काय गं, झालं?"

"मामा, टॅन म्हणजे काय?"

"आकडा."

"कशाचा?"

"कामाशी काम ठेव. तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. आकडा बघ, कारण विचारू नकोस. तिनेही अकरा वर्षं विचारलं नव्हतं.

तिने पुस्तक काढून उलटलेली पानं उघडली. एक त्रिकोण आणि खाली एक ओळ : टॅन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू. तिने पत्र्यावर शंभर मिलिमीटरची रेघ ओढली. एका टोकाला वीस अंश, दुसऱ्या टोकाला काटकोन. उभी बाजू व्हर्निअरने मोजली. छत्तीस दशांश चार. शंभराने भागलं, तर भिंतीवरचा आकडा समोर उभा. सगळं मिळून सात मिनिटं.

मामाने पत्रा उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"एवढंच होय?"

"एवढंच."

"मला कुणी सांगितलं नव्हतं," मामा म्हणाला.

"मला पुस्तकात लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "आठ महिन्यांतली सात मिनिटं दिली नाहीत मी."

मामाने पत्रा भंगारात टाकला. तिने लेथ सुरू केला. वर्षभर पुरतील इतके जॉब पडले होते.