रशीदमियांनी सांगितलेला शेवट

जऊळक्याचे एक गृहस्थ सोयरिकीच्या कामाने कामरगावला आले होते. जुनी ओळख म्हणून शाळेत मला भेटायला आले, पाणी प्याले, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या आणि उठता उठता म्हणाले, "मास्तर, तुमचे रशीदमिया गेले. आठ दिस झाले." मला चटकन काही सुचेना. कोण रशीदमिया हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं वाटून त्यांनी खुलासा केला, "ठेसनाजवळचे दर्जी हो. ते नाही का, सिनेमात झोपनारे." ...मी मान हलवली. घंटा झाली होती. चौथीच्या वर्गावर जाऊन मी उजळणी घेतली, आणि तासभर कोणतं पोर चुकलं, कोणतं बरोबर आलं, याचा मला पत्ता नव्हता.

माणूस जातो आणि मागे त्याची एखादी ओळख राहते. रशीदमियांची जी राहिली ती मी दिलेली आहे. आता महिना होऊन गेला, पण ते एक वाक्य काही मला सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी जऊळक्याच्या शाळेवर सहा वर्षं होतो. गाव लहान, पण आगगाडीचं स्टेशन असल्यामुळे आमची ऐट मोठी. नागपूरचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन का होईना गाडीने यायचं, आणि रविवारच्या दुपारी गाडी धरली की वाशीमच्या पत्र्याच्या टॉकीजात तीनचा खेळ पाहून दिवेलागणीला परत येता यायचं. जाणारे मोजके. बायाबापड्यांचा तर प्रश्नच नव्हता. घर, शेत, लेकरं टाकून सिनेमाला कोण जाणार? त्यांच्या वतीने रशीदमिया जात.

शिलाईच्या कामात माणूस साधाच होता. झंपर कधी काखेत घट्ट, कधी गळ्याला ढगळ. पण सिनेमा सांगावा तर त्यांनीच. सोमवारी सकाळी दुकानाची फळी उघडली की बाया जमत. कोणाची काजं करायची, कोणाचा घेर उसवलेला. सोमवारी जऊळक्यात कपडे जरा जास्तच उसवत, असं मी शांताला म्हणायचो. रशीदमिया मान खाली घालून मशीन चालवत आणि सांगत. नायक प्रवासाला निघाला की सरळ लांब शिवण घ्यायची. भांडण आलं की पायडल जोरात. आणि रडण्याची जागा आली की मशीन बंद करून हातशिलाई काढायची, म्हणजे आवाज हळू केला तरी मागे बसलेल्या बाईलाही ऐकू जाई. पण एक शिस्त होती त्यांची. पदरचं घालायचं नाही. "जे पाह्यलं ते सांगतो बाप्पा," असं म्हणत, आणि लोकांचा त्यावर पूर्ण भरवसा. पुढे त्यातलाच एखादा सिनेमा कोणी पाहून आला की येऊन सांगे, बरोबर होतं, शेवटच्या टाळीपर्यंत बरोबर होतं.

शांता, म्हणजे माझी पत्नी, सांध्यांच्या तापातून उठली ती हृदय अधू घेऊनच. अकोल्याच्या डॉक्टरांनी पायऱ्या चढायलासुद्धा मनाई केली होती, मग गाडीचा डबा कसा चढणार? तिची खाट माजघराच्या दाराशी होती. सोमवारी दुकान आवरलं की रशीदमिया बटणांचं काम घेऊन आमच्या ओसरीवर येत आणि सिनेमा तिला दुसऱ्यांदा सांगत. ती मधेच अडवून विचारी, तिच्या लुगड्याचा काठ कसा होता, घरात देव कुठे मांडले होते. त्यांना तेही आठवत असे. मी तिथेच वह्या तपासत बसे आणि अर्ध्या कानाने ऐके. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटत नसे. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस.

त्या वर्षी एका सिनेमाचा फार गाजावाजा झाला. नाव लिहीत नाही, कारण सिनेमाचा काही दोष नाही. परदेशात त्याला बक्षीस मिळालं होतं, आणि नागपूरच्या पत्राने दोन रविवार त्याच्यावरच खर्च केले होते. मी ते सगळं शांताला मोठ्याने वाचून दाखवलं. गिरणीत कामाला गेलेला नवरा, गावात आजारी बायको, तिचं वाट पाहणं. शेवट काय होतो ते पत्राने लिहिलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं की शेवट विसरता येत नाही. शांताने तो सिनेमा मनावरच घेतला. वाशीमला तो लागल्याचं कळलं तेव्हा तिने रशीदमियांना निरोप धाडला, सोमवारपर्यंत दम निघणार नाही, गाडीवरून उतराल ते आधी इकडे या.

ते तसे आले. हातात बटणं नाहीत, काही नाही. पाणी मागून प्याले, आणि सांगायला लागले. त्या दिवशी आवाज जरा अडखळत होता, पण दगदगीचा असेल असं मला वाटलं. शेवट सांगितला तो असा... बायको अगदी हातची जायला लागते, आणि एका सकाळी दार वाजतं. खांद्यावर गिरणीचं कांबळं टाकून नवरा उभा. ती उठून बसते. तिला हळूहळू उतार पडतो, आणि शेवटी ती स्वतःच्या हाताने चूल पेटवते.

"खरंच आला का हो तो?" शांताने विचारलं.

"आला ना, वैनी. मशिनीची शपथ."

एरवी ते कधी शपथ घेत नसत, आणि ज्या मशिनीवर पोट चालतं तिची तर नाहीच. शांता बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. आणि मी? मी मनात म्हटलं, एवढं नावाजलेलं चित्र आणि शेवट हा असला गुळचट? कसले हे पेपरवाले. न पाहताच माझी निराशा झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी तोच शेवट सांगितला. सांगणं भागच होतं, कारण त्या बाया दुपारी शांताकडे बसायला येत आणि सिनेमाची उजळणी तिथेच होई. पण तो इतका सुंदर सांगितला गेला, की जऊळक्याला त्याचं वेडच लागलं. पुढच्या रविवारी वीस-पंचवीस माणसं वाशीमला निघाली. शेजारच्या किन्हीराजाहून काही जण बैलगाडीने स्टेशनावर आले. कौसाबाई तेलीण, जिने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता, तीही सुनेला घेऊन निघाली. शांताने मलाही पिटाळलं.

सिनेमा चालू झाला. संथ, फार संथ. विहीर, अंगण, पुन्हा विहीर. आमची मंडळी मोठ्या विश्वासाने बसून होती, कारण पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कौसाबाई सुनेला सारखी सांगत होती, "थांब वं, आता येते तो." मग बाई गेली. पडद्यावर नुसतं दार राहिलं, लोटलेलं. किती वेळ ते दार... आणि दिवे लागले.

कोणी उठेना. नवरा यायचा होता ना अजून. "शेवटचं रीळ कापलं," कोणीतरी म्हणालं आणि एकच कालवा झाला. दारावरच्या माणसाला घेराव पडला. तो बिचारा सांगत होता की सिनेमा एवढाच आहे, आणि आमचे लोक त्याला सांगत होते की नवरा कांबळं घेऊन येतो, आम्हाला पक्कं माहीत आहे. टॉकीजच्या मालकाने शेवटी रिकामं यंत्र आणून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. मी मात्र जागेवरच बसून होतो. दार उघडलं नाही त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. त्या बाईची खाटसुद्धा शांताच्या खाटेसारखी दाराशीच होती.

घरी आल्यावर शांताने विचारलं, "कसा होता?"

"रशीदमियांनी सांगितला तसाच," मी म्हटलं.

इथवर मी ठीक वागलो असं अजूनही वाटतं. चुकलो ते दुसऱ्या दिवशी. सकाळी दुकानापुढे गर्दी. लोक खरोखर चिडलेले, कारण त्यांच्या लेखी फसवणूक झाली होती, आणि ती ज्याच्यावर भरवसा त्याने केली होती. रशीदमिया मशिनीवर बसलेले, पाय पायडलवर, पण पायडल हलत नव्हतं. कौसाबाईने मला रस्त्यातच अडवलं. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा. हा मानूस आमाले काहून खोटं सांगून राह्यला?"

खरं कारण सांगितलं असतं तर तासाभरात ते शांताच्या खाटेपर्यंत पोचलं असतं. काहीतरी बोलणं भाग होतं. मी हसून म्हटलं, "अहो, खोटं कशाला सांगतील? झोप लागली असेल त्यांना. स्वप्न पडलं असेल."

लोक खो-खो हसले. राग निवळला. रशीदमियांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "हो बाप्पा. लागली व्हती झोप." आणि पायडल सुरू केलं.

मला त्या वेळी माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

पुढचे सोमवार ओस पडले. सुरुवातीला दोघीतिघी आल्या, पण गोष्ट रंगात आली की कोणीतरी विचारी, "हे जागेपनी पाह्यलं का झोपेत?" आणि हशा पिके. मग तेही सांगेनासे झाले. आमच्या ओसरीवर मात्र येत राहिले. शांताला सांगत, पण आता पूर्वीसारखं हसून नाही. पौषात शांता गेली. झोपेची थट्टा तिच्याही कानावर गेली होती, पण मी स्वतः पाहून आलो होतो, म्हणून तिच्या लेखी तो नवरा परत आला होता आणि बायकोने चूल पेटवली होती.

ती गेल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दुकानापुढे उभं राहून मी दोन वाक्यं बोलायला हवी होती. बोललो नाही. आधी दुःख होतं, मग त्या दुःखाचं निमित्त. घरातली गोष्ट चारचौघांत कशी काढायची, म्हणायचो. पण तसं नव्हतं ते. मास्तर चुकला, हे मला गावाला सांगायचं नव्हतं. आम्ही दोघे मग उगाच एकत्र बसत असू, दुकानात, संध्याकाळी. एकाला घरी कोणी नाही, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक बोलत नाही. रविवारी ते एकटेच वाशीमला जायचे. ते परत येत तेव्हा मी स्टेशनावर असे. कसा होता, मी विचारायचो. बरा होता, ते म्हणायचे. बस्स.

एकदाच मी धीर करून विचारलं, तो सिनेमा तुम्हाला आवडला नव्हता का? सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "सिनेमा चांगलाच हाये, मास्तर. पेपरवाल्यायचं काई चुकलं नाही. पन तो पाहाचा सिनेमा हाये, सांगाचा नाही. पाहनारा मानूस उठून घरी जाते. ज्याले सांगतो तो तिथंच खाटेवर राह्यते." थोड्या वेळाने म्हणाले, "शपथ तेवढी खायाले नोको व्हती." त्या वेळी तरी मी म्हणायला हवं होतं की माझं चुकलं. मी म्हटलं, दोरा द्या, मी ओवतो. मग माझी बदली झाली.

बातमी कळल्यावर पुढच्या सुट्टीला मी जऊळक्याला गेलो. दुकानाची फळी उघडी होती. जोहराबी, त्यांची बायको, दारात बसून लोकांचे न शिवलेले कपडे परत करत होत्या. ज्याचं त्याला ओळखून, घडी घालून. पाच-सहा बाया होत्या. कौसाबाईही होती, आता म्हातारी दिसत होती. चेष्टा कोणी करत नव्हतं, पण बोलण्यात ते आलंच. कोणीतरी म्हणालं, "मानूस लय चांगला. सिनेमात झोपे तेवढंच." जोहराबीसुद्धा डोळे पुसत हसल्या.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शांताची खाट, तो रविवार, शपथ, माझा विनोद. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

कौसाबाई हातातलं झंपराचं कापड उलगडत राहिली. मग म्हणाली, "झोपेचं तुमीच म्हतलं व्हतं, मास्तर."

"हो."

"मंग तो जित्ता असताना काहून नाही सांगितलं?"

"धीर झाला नाही," मी म्हटलं. ती कापड घेऊन गेली, तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या, आणि मी व जोहराबी उरलो. त्या बराच वेळ हातातली घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"मले बी नाही सांगितलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "चार वर्सं. रविवारी घरून निघाले का मी दर खेपेले म्हनो, नीट जागे राहजा हो. ...ते बी हसत."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुढचं कापड उचललं आणि ते कोणाचं आहे ते पाहू लागल्या.