निजामाच्या काळातला टीपॉय

मैत्रिणीनं नवं घर घेतलं, तेव्हा मी तिला एक टीपॉय सजवून दिला. गुलमंडीच्या बाजारातून जुन्या धाटणीचे गुलाब छापलेला पातळ कागद आणला. जोड दिसू नये म्हणून त्याच्या कडा हातानं फाडल्या, चहाचं पाणी फिरवून त्याला म्हातारा केला, चिकटवला आणि वरून वॉर्निश मारलं. एका पाकळीखाली हवा राहून फोड आला. तो मी तसाच ठेवला. म्हटलं, ही माझी सही!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्याकडं बायका जमल्या. वाण त्याच टीपॉयवर मांडलेलं. मी कौतुक झेलायला पदर सावरून बसले.

"अगं बाई, लई सुंदर! कुठून आणला?" एकीनं विचारलंच.

मी तोंड उघडलं, पण मैत्रीण आधी बोलली, "आमच्या आजेसासूबाईंचा. निजामाच्या काळात हैदराबादहून बैलगाडीतून आला."

बैलगाडी! मी तो माझ्या स्कूटरवर उलटा बांधून आणला होता. आता ती हसेल, मला डोळा मारेल, म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

माझा अंगठा आपसूक त्या फोडावर गेला.

"हात नको लावू गं," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "जुनं काम नाजूक असतं. तुला नाही कळायचं त्यातलं."

मी हात मागं घेतला. त्याच हातावर तिनं तिळगूळ ठेवला आणि मला गोड बोलायला सांगितलं.