क्लच, डावा पाय आणि आण्णांची भाकरी

कऱ्हाड मागं पडलं तेव्हा माझी पिकअप एका मालट्रकला दोरखंडानं बांधलेली होती आणि मी तिच्यात नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात माझी रोपवाटिका. रोपं पोचवायला ही जुनी अमेरिकन गाडी घेतली, ती केवळ तिला क्लच नव्हता म्हणून. गिअर आपोआप पडत. माझा डावा पाय लहानपणच्या आजारानं कमजोर. चालायला चालतो, पण जोर धरत नाही. तिचा गिअरबॉक्स मोडला आणि साताऱ्याच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. "कोल्हापूरला न्या," म्हणाले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरलो तर दोन्ही बाजूंना लेथची घरघर आणि ओतकामाचा धूर. आण्णा मिस्त्री जयसिंगपूरकडचे जैन गृहस्थ. ते बोलायला लागले की शेजारचा लेथ ऐकू येत नसे.

गाडीखालून बाहेर येत म्हणाले, "पावणं, ह्यो गिअरचा डबा भंगार झालाय. हातानं टाकायचा गिअर बसवतो की. त्यासंगं क्लच आला बघा. चालंल?"

"चालेल," मी म्हणालो. पायाचं बोललो नाही. 'मग ड्रायव्हर ठेवा' हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

आठ दिवस मुक्काम पडला. मोडीत निघालेल्या ट्रकचा गिअरबॉक्स आणला. तो इंजिनाला जुळेना, म्हणून मधे बसवायला बिडाची जाड कडी ओतून घेतली. काम झकास, पण ऊन उतरलं की आण्णा पाना टाकून हात धुवायला उठत. दिवस मावळल्यावर ते अन्नपाण्याला शिवत नसत. मी चरफडायचो. नवव्या दिवशी रोपं पोचवायचा शब्द दिलाय, हे त्यांना रोज ऐकवायचो. जेवणाचा डबा उघडला की ते मलाच हाक मारत, "या पावणं, भाकरी खावा." दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, रोज अर्धी वाटणी माझी.

आठव्या दिवशी ऊन कलताना गाडी तयार झाली. पहिल्यांदा मालकानंच चालवायची, हा आण्णांचा रिवाज. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, शेजारचे कारागीर जमले. मी क्लच दाबला. अर्ध्यावर पाय थरथरला, निसटला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मान वर केलीच नाही.

आण्णांनी दार उघडून माझ्या पायाकडं पाहिलं.

"आधी सांगायचं न्हाय व्हय? आठ दिस गाडी मापत बसलो, तुमचा पाय मापायचा ऱ्हायलाच की!"

लाजेनं मी अर्धमेला झालो. "उद्या बघू, आण्णा. तुमच्या जेवणाची वेळ झाली."

"उद्या तुमची रोपं जायची हाईत न्हवं?" म्हणत ते पुन्हा गाडीखाली शिरले.

पेडलचा दांडा लांबवला, मदतीला दणकट स्प्रिंग जोडली. दिवस मावळला तरी वेल्डिंग चालूच होतं. डबा बाकावर तसाच. शेवटी मी पाय नुसता टेकवला आणि क्लच खाली गेला. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"आण्णा, जेवण?"

"आता सकाळच्याला. ही भाकरी तुमी न्या, वाया नगं जायला."

मुक्कामाच्या खोलीवर भाकरीचं फडकं सोडलं. त्या दिवशी अख्खी भाकरी माझी होती, तरी मी अर्धीच खाल्ली.

सकाळी पंचगंगेचा पूल माझ्याच डाव्या पायानं क्लच दाबत ओलांडला. रोपं वेळेवर गेली. घरी बायकोनं विचारलं, देवीचं दर्शन झालं का? आठ दिवसांत देवळाकडं फिरकलोच नव्हतो. तिला आण्णांचं सांगितलं.

आता कुठल्याही मिस्त्र्याकडं गेलो की गाडीचं दुखणं नंतर. आधी माझ्या पायाचं सांगतो.